दीड तासात ६४० फोटो: एडिट किती करायचे, दाखवायचे किती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दीड तासाचं फॅमिली सेशन होतं. नवरा, बायको, दोन मुलं आणि मुलांचे आजोबा अशी पाच माणसं. ६४० फोटो निघाले, त्यातले १४० तुम्ही एडिट केले आणि त्यात नऊ दिवस गेले. क्लायंटताईंनी १२ निवडले आणि "उरलेलेपण सगळे पाठवून द्या ना" म्हणाल्या. एडिटसाठी फोटो कसे निवडायचे, दाखवायचे किती आणि ताईंना आता काय सांगायचं, हे तुम्ही विचारलंय.

सरळ उत्तर असं की एवढ्या सेशनमधून मी २५ ते ३० फोटो दाखवते. दाखवण्याआधी फक्त रंग, उजेड आणि क्रॉप नीट करते. चेहऱ्यावरचं बारीक काम, म्हणजे रिटचिंग, त्यांनी निवडलेल्या फोटोंवरच. तुमची मेहनत कुठेच कमी पडलेली नाही, फक्त क्रम उलटा झाला. तुम्ही एडिट करता करता निवडत गेलात. एखाद्या फोटोवर वीस मिनिटं घालवून डोळ्यांखालचं काळं कमी केलं, मागची विजेची तार काढली, की मग तो फोटो टाकवत नाही. त्यात आपला जीव अडकतो. म्हणून निवड पूर्ण होईपर्यंत एकाही फोटोच्या रंग-उजेडाच्या स्लायडरला हात लावायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींनाही तोच सांगते.

मी कराडला वडिलांच्या स्टुडिओत शिकले. त्यांच्याकडे याशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा होता. १२० नंबरच्या फिल्मचा रोल, त्यात चौकोनी १२ फ्रेम. एका कुटुंबाला एक रोल, फार तर दोन. बाबा फ्रेम मोजत नसत, माणसं बघत बसत. गप्पा मारत, खुर्ची जरा सरकवत, आणि मग एकदाच बटण दाबत. म्हणजे निवड व्हायची ती बटण दाबण्याच्या आधी. आता सेकंदाला आठ-दहा फ्रेम निघतात आणि निवडीचं सगळं ओझं नंतरच्या रात्रींवर येतं. जुनं तेच चांगलं असं मी म्हणत नाही. दोन वर्षांच्या मुलाचे आज येतात तसे फोटो बाबांना त्या कॅमेऱ्यावर मिळाले नसते. पण निवड हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळा वेळ राखून ठेवावा लागतो, हे त्या १२ फ्रेमनी मला शिकवलं.

आता माझी पद्धत सांगते.

सेशन संपलं की त्याच संध्याकाळी कार्ड दोन ठिकाणी उतरवते. पण बघत नाही. निवडीला दुसऱ्या दिवशी सकाळी बसते. सेशनच्या दिवशी आपल्याला फोटोपेक्षा फोटोमागचे कष्टच जास्त आठवत असतात. ओल्या गवतावर पालथं पडून घेतलेली फ्रेम, ढग बाजूला व्हायची वीस मिनिटं वाट बघून मिळालेला उजेड. क्लायंटला यातलं काही माहीत नसतं आणि फोटोतही ते दिसत नाही. रात्र मध्ये गेली की डोळे थोडे परके होतात, आणि निवडीला तेच हवं असतं.

पहिल्या फेरीत चांगलं काय ते शोधायचंच नाही. फक्त उघड बिघडलेले बाजूला काढायचे: डोळे मिटलेले, फोकस कानावर गेलेला, फ्लॅश न पेटलेला, धाकट्याने नाकात बोट घातलेलं. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्स लॉक चालू ठेवून एक्स दाबलं की फोटो नाकारला जातो आणि पुढचा आपोआप समोर येतो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ मोठ्या फायली उघडायला वेळ लागत असेल तर फोटो मेकॅनिक हे सॉफ्टवेअर वापरा. ते फायलीत आधीच असलेलं छोटं जेपेग दाखवतं, म्हणून झटपट चालतं. एका फोटोला दोन सेकंद, त्याहून जास्त नाही. ६४० फोटो पाऊण तासाच्या आत होतात.

पाच माणसांच्या ग्रुपमध्ये या फेरीत खूप फोटो जातील, त्याने खचू नका. माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते आणि प्रत्येक वेळी सेकंदाचा दहावा ते तिसरा हिस्सा डोळा पूर्ण उघडा नसतो. माझ्या हिशोबाने एका माणसाच्या शंभरातल्या पाच-सहा फ्रेम अशाच जातात. पाच माणसं एकत्र आली की चारातल्या एका फ्रेममध्ये कुणाचे तरी डोळे अर्धवट असणारच. म्हणून ग्रुपला फ्रेम जास्त घ्याव्यात, आणि एखाद्या उत्तम ग्रुपमध्ये फक्त आजोबांचेच डोळे मिटले असतील तर लगेच आजूबाजूची एक फ्रेम त्यांच्या चेहऱ्यासाठी राखून ठेवावी. मी तिला पिवळा रंग लावते. ती दाखवायची नसते, पण नंतर चेहरा बदलायला कामी येते. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर हे काम दहा मिनिटांचं आहे.

दुसरी फेरी खरी. इथे प्रत्येक पोझ, प्रत्येक जागा वेगळी काढायची आणि तिच्यातले चार-सहा फोटो एकत्र पडद्यावर घ्यायचे. लाइटरूममध्ये ते निवडून एन दाबलं की शेजारी शेजारी येतात. मग चांगला कोणता असं विचारायचं नाही. सगळ्यात कमी बोलणारा कोणता, असं विचारून तो काढायचा, मग पुढचा, शेवटी एक उरेपर्यंत. दोन उरले आणि ठरेना, तर खुर्चीतून उठून चार पावलं मागे जाऊन बघा. तिथून फरक दिसत नसेल तर तो क्लायंटलाही दिसणार नाही, कोणताही एक ठेवा. एकसारखे दोन फोटो दाखवणं म्हणजे आपण न केलेलं काम त्यांच्यावर ढकलणं. त्या माऊलीने तुमच्या १४० मधले १२ निवडले यात मला तिची दमछाक दिसते.

या फेरीत तांत्रिक बाजूला किती महत्त्व द्यायचं, यावर नवीन मंडळी फार अडतात. ८५ मिमीची लेन्स, तिचं तोंड एफ १.८ इतकं मोठं उघडलेलं आणि माणूस दीड मीटरवर असेल तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो. मान जरा वळली की लांबचा डोळा त्याच्या बाहेर गेलाच. ते चालतं. जवळचा डोळा मात्र पट्ट्यात हवा. पण हे शंभर टक्के झूम करून ठरवू नका. फोटो शेवटी ज्या आकारात बघितला जाणार, त्या आकारात बघून ठरवा. ८ बाय १२ च्या प्रिंटवर जी उणीव दिसतच नाही, तिच्यासाठी मी एखादा जिवंत चेहरा टाकलेला नाही. डोळा काटेकोर टिपलेला, पण चेहरा मात्र कोरा, अशी फ्रेम मी बिनदिक्कत काढून टाकते.

चेहरा जिवंत म्हणजे काय, हे डोळ्यांना शिकवता येतं. फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी १८६२ मध्येच दाखवलं होतं की ओठांचे कोपरे आपण ठरवून वर नेऊ शकतो, पण मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आवळतो तो सहसा आपल्या सांगण्यावर चालत नाही. म्हणून ओठ झाका आणि फक्त डोळे बघा. खालची पापणी किंचित वर आलीय का, कडेला बारीक सुरकुत्या आल्यात का? नसतील तर ते "हसा" म्हटल्यावरचं हसू आहे. आणि हसण्याच्या भरातल्या फ्रेमपेक्षा, हसून झाल्यावर माणूस श्वास सोडतो, खांदे खाली येतात, ती फ्रेम मला नेहमी जास्त आवडत आलीय. अशा फ्रेम बऱ्याचदा ओळीतल्या शेवटच्या असतात आणि घाईत निसटतात.

डोळे मिटलेले आणि अस्पष्ट फोटो आपोआप वेगळे काढणारी सॉफ्टवेअर आता बरेच जण वापरतात. पहिल्या फेरीपुरती वापरायला माझी हरकत नाही. पण त्यांनी नाकारलेल्यांवरून एकदा नजर फिरवाच. खळखळून हसताना आजोबांचे डोळे मिटतातच, आणि घरच्यांना आजोबा तसेच हवे असतात.

आता सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येते. फोटो कोणासाठी आहे, हे ठरलेलं नसेल तर निवड होऊच शकत नाही. ३० डिसेंबर १९४१ ला कॅनडातल्या ओटावामध्ये फोटोग्राफर युसुफ कार्श यांनी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि तो प्रसिद्ध संतापलेला फोटो टिपला. त्याच बैठकीतला एक हसरा फोटोही आहे. युद्धात उतरलेल्या देशासाठी पहिला योग्य होता आणि तोच जगभर गेला. तेच काम नातवंडांच्या खोलीत लावण्यासाठी असतं तर मी दुसरा निवडला असता. माणूस तोच, खोली तीच, मधे काही क्षणांचं अंतर, आणि दोन्ही फोटो आपापल्या जागी बरोबर.

आपल्या रोजच्या कामात हे सारखं येतं. लग्नाच्या बायोडाट्यासाठी मुलगी आली तर मी तीनच फोटो देते: चेहऱ्याचा एक, साडीतला पूर्ण उभा एक, रोजच्या कपड्यातला एक. अर्धा चेहरा सावलीत असलेला फोटो माझ्या दृष्टीने कितीही सुंदर असला तरी त्यात जात नाही, कारण तो बघणारी समोरच्या घरची मंडळी तिला पहिल्यांदाच बघत असतात. नाटक-मालिकांसाठी प्रयत्न करणाऱ्या मुलाला नेमकं उलटं लागतं: समोरून, दोन्ही बाजूंनी, त्वचेला फारसा हात न लावलेले साधे फोटो, म्हणजे प्रत्यक्ष भेटीत तो तसाच दिसेल. डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी फोटो असेल तर मी स्वतःला विचारते, तापाने फणफणलेलं पोर घेऊन आलेली आई या चेहऱ्यावर विश्वास टाकेल का?

म्हणून बुकिंगच्या वेळीच दोन प्रश्न विचारा. फोटो कुठे लागणार आहे? आणि तुम्हाला स्वतःचा आवडलेला आधीचा एखादा फोटो आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आलेला फोटो निवडीच्या वेळी शेजारी उघडा ठेवते. त्यातून माणूस स्वतःला कसं बघतो ते कळतं.

यातच "मी अशी दिसत नाही" ही तक्रार येते. ती खोटी नसते. आपण आयुष्यभर स्वतःला आरशात बघतो, म्हणजे उलटं. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशासारखा उलटवलेला फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना मात्र सरळ. भांग एका बाजूला असेल, एक भुवई जरा वर असेल, तर हा फरक जास्त खुपतो. फोटो उलटवून दिला की झालं, असा सल्ला कुणी देईल. तो घेऊ नका. आपल्याकडे पदर उजव्या खांद्यावर जाईल आणि नथ उजव्या नाकपुडीत, आणि घरातली पहिली मावशीच ते ओळखेल. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी वळलेले फोटो निवडीत ठेवा, आणि एकटीचा फोटो निवडताना बहीण, आई किंवा नवरा यांच्यापैकी एकाला सोबत बसायला सांगा. एकालाच. फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले की काय होतं ते मी बघितलंय. एका अल्बमची निवड चार महिने रखडली होती, कारण प्रत्येक काकूला फक्त स्वतःचा चेहरा बघायचा होता.

दाखवण्याबद्दल. जमेल तेव्हा समोर बसवून मोठ्या पडद्यावर दाखवा. पहिल्यांदा सगळे फोटो सलग, काही न बोलता, निवडायला न सांगता. त्या वेळी तुम्ही पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघा. कुठे पुढे झुकतात, कुठे हात तोंडावर जातो, ते लिहून ठेवा. मग दुसऱ्यांदा एकेक घेऊन हो, नाही, बघू असं ठरवा. पहिल्या खेपेला ज्या फोटोला त्या पुढे झुकल्या होत्या, तोच दुसऱ्या खेपेला "माझे दंड जाड दिसतात" म्हणून बाहेर जायला लागला, तर हळूच थांबवा आणि सांगा की दंड मी बघते, तुम्ही मुलीचा चेहरा बघा. बाहेरगावच्या क्लायंटला गॅलरीची लिंक द्या आणि निवडायला आठवडाभराची मुदत द्या. क्रमही विचारपूर्वक लावा. पहिला फोटो असा हवा की तो बघून त्यांची धास्ती जाईल, आणि सगळ्यात जवळचा, शांत फोटो शेवटी.

नाकारलेले फोटो मात्र लगेच पुसू नका. सहासात वर्षांपूर्वी एका आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाला घरच्यांचे फोटो काढले होते. आजींचे चार दिले, चारही नेटके: पैठणी, ताठ बसलेल्या, समोर बघणाऱ्या. चौदा महिन्यांनी मुलाचा फोन आला. आई गेली होती. म्हणाला, "ताई, अजून एखादा आहे का? दिलेल्यात ती फोटोला बसल्यासारखी दिसते." डिस्क शोधली. मी नाकारलेल्या फ्रेममध्ये एक होती: आजी पदर सारखा करताहेत, नातू बाजूने काहीतरी म्हणतोय, चष्म्यावर खिडकीची चकाकी आलीय, फोकस किंचित मागे आहे आणि त्या मान कलती करून हसताहेत. मी सात पाठवले, त्यांनी तोच घेतला. आज तोच भिंतीवर आहे. मी तो आधीच द्यायला हवा होता, आजींनीही बघितला असता. त्या दिवसापासून दोन गोष्टी पाळते. उघड बिघडलेले सोडून बाकी सगळ्या फायली निदान दोन वर्षं ठेवते. आणि अंतिम निवडीवरून शेवटची नजर फिरवताना प्रत्येक माणसाबद्दल विचारते की हा माणूस सगळ्याच फोटोंत फोटोला बसल्यासारखा दिसतोय का. तसा दिसला तर नाकारलेल्यांमध्ये परत जाते.

"सगळेच द्या" आणि "रॉ द्या" या मागणीचं. इथे कायदा माहीत असलेला बरा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ प्रमाणे कुणी मोबदला देऊन स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. आपल्यातल्या अनेकांना हे उलटं वाटतं. म्हणून किती फोटो मिळतील, रॉ मिळतील की नाही, जास्तीचे हवे असतील तर काय, आणि आपण त्यातले इन्स्टाग्रामवर टाकू शकतो का, हे बुकिंगच्या वेळी लेखी ठरवा. अर्धं पान पुरतं. लहान मुलांचे आणि गरोदरपणातले फोटो तर करारात परवानगी असली तरी टाकण्याआधी मी पुन्हा विचारते, आणि विचारल्यावर नको म्हणाल्या तर टाकत नाही.

करार नसताना मागणी आली, जशी तुम्हाला आलीय, तर वाद घालू नका. "सगळे द्या" याच्या मागे बहुतेक वेळा एखाद्या विशिष्ट फोटोची हुरहुर असते. त्यांना फोन करा आणि विचारा, "ताई, एखादा क्षण आठवतोय का, जो या फोटोंमध्ये दिसला नाही?" दहातल्या आठ वेळा उत्तर नेमकं असतं: धाकट्याने बाबांच्या खांद्यावर चढून टोपी काढली होती ती, किंवा आपण सगळे पडलो तेव्हाची. तो शोधून द्या, मागणी बहुधा तिथेच थांबते. तरीही सगळे हवेत म्हणाल्या, तर एडिट केलेले उरलेले १२८ लहान आकारात देऊन टाका आणि पुढच्या क्लायंटपासून कागद करा. एडिट न केलेले ५०० मात्र देऊ नका. त्यात अर्धवट पापण्या आणि तोंडात घास आहेत, आणि त्यातलाच एखादा तुमच्या नावाने फिरेल.

फोन करण्याआधी ते १२ एकदा शेजारी शेजारी मांडून बघा. ताई स्वतः किती फोटोंत आहेत? मुलं छान आली की आया स्वतःला बाजूला सारून फोटो निवडतात. मुलांबरोबरचा त्यांचा एकही नसेल तर तो सुचवा. आणि आजोबांचा एकट्याचा फोटो त्या १२ मध्ये नसेल, तर ६४० मध्ये परत जा, त्यांचा एक चांगला काढा, नीट एडिट करा आणि पैसे न लावता पाठवून द्या.